बर्फ होता, पाणी नव्हतं

घर सोडलं त्या दिवशी मनमाडला पाणी आलं.

ज्यांनी मनमाड पाहिलंय त्यांना एवढ्यात सगळं कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नसे. पंधरा दिवसांनी यायचं, उन्हाळ्यात वीस-बावीस दिवसांनी. आज येईल, उद्या येईल असा अंदाज असायचा, वेळेचा मात्र भरवसा नव्हता. २०२०च्या जानेवारीतली ती दुपार. गाडीला दीड तास होता. मला, माझ्या नवऱ्याला निखिलला आणि सहा वर्षांच्या ओवीला निरोप द्यायला गल्लीतली माणसं घरात जमली होती. शेजारच्या सुलभाकाकू कुंकू लावायला पुढे आल्या आणि तेवढ्यात टोकाच्या घरातून हाक आली, "पाणी आलंऽऽ!" घर एका क्षणात रिकामं झालं. काकूंनी कुंकवाचा करंडा माझ्याच हातात दिला. "तूच लावून घे गं बाई, मी आलेच," म्हणाल्या आणि गेल्या त्या गेल्याच. मला त्याचं काही वाटलं नाही. मीसुद्धा बाह्या सारून दोन हंडे भरले, हात पुसले आणि मगच बॅगा उचलल्या.

दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत पंपावर होते. विहिरीचं पाणी टाकीत चढवायचं आणि टाकीतून सोडायचं, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती आणि आई जाऊन चार. घरात ते एकटे, म्हणजे पाणी भरायलाही एकटेच. "तुम्ही व्हा पुढे, मी येतो," म्हणाले. आम्ही रिक्षाने स्टेशनवर गेलो. गाडी फलाटाला लागली, सामान चढवून झालं, तरी दादांचा पत्ता नाही. गाडी हलायच्या बेतात असताना ते धावत आले. सायकल कुठे टाकली होती कुणास ठाऊक. शर्ट कोपरापर्यंत ओला. खिडकीच्या गजांना धरून म्हणाले, "टाकी भरली. आता सुखानं जा."

पोचल्यावर फोन कर, जपून राहा, असलं काही नाही. इगतपुरीपर्यंत मी रडत होते. ते वडिलांना एकटं सोडलं म्हणून, की पुढचे पंधरा दिवस तरी त्यांच्याकडे पाणी आहे म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

हे मी दोघांसाठी लिहितेय. जे तिथेच राहिले आणि ज्यांना वाटतं की आम्ही सुटलो, त्यांच्यासाठी. आणि आपण सुटलो असं समजून जे निघाले, त्यांच्यासाठीही.

आम्ही आलो ते डब्लिनच्या दक्षिणेला, टॅलामध्ये. हिरवं, ओलं, ढगाळ. घरातून दिसणारे डोंगर अर्धा वेळ ढगात. नळाला चोवीस तास पाणी आणि त्याचं बिलही नाही. हे मी दादांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मोटर जळत नाही का कुणाची?" मी हसले, पण रात्री झोपण्याआधी रिकाम्या झालेल्या दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरून ठेवायला लागले. आधी एक, मग चार. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवायचे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. घरमालक पहिल्यांदा म्हणाला तेव्हा निखिलला वाटलं, इस्त्रीबद्दल बोलतोय. एकदा साखर काढायला म्हणून निखिलने ते प्रेस उघडलं आणि अकरा कॅन बघितले. त्याने साखरेसाठी दुसरी जागा केली.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा नियम आला. निखिल आणि मी एकाच जेवणाच्या टेबलावर दोन टोकांना लॅपटॉप लावून बसायचो आणि मधे ओवीची ऑनलाइन शाळा. आणि त्या वसंतात, ज्या देशाच्या पावसाचे विनोद मी येण्याआधीच ऐकले होते, त्या देशात पाऊस पडेना. आठवड्यामागून आठवडे निळं आकाश. इथले लोक खूश होते, घरात कोंडलेल्यांना तेवढंच ऊन. मी मात्र रोज कॅन मोजायचे. शेजारच्या ब्रीडाचं गवत मेमध्ये पिवळं पडलं. ब्रीडा पंचाहत्तरीची, एकटीच राहते. जूनमध्ये बागेला पाइपने पाणी घालायला बंदी आली तेव्हा ती कुंपणापलीकडून म्हणाली, "माझे गुलाब मरणार गं. आम्हाला सवयच नाही याची." मी तिला तांदूळ धुतलेलं पाणी आणि भाज्यांचं पाणी वेगळं काढायला शिकवलं. ती तांदूळ खात नव्हती, म्हणून आमचंच पाणी रोज एका बादलीतून तिच्या फाटकाशी ठेवायला लागले. "यू आर अ डोट," ती म्हणायची. म्हणजे गुणाची पोर. परक्या देशात मला मिळालेली पहिली शाबासकी तांदळाच्या पाण्याची होती.

पुढे पाऊस आला आणि सगळे विसरले. मी विसरले नाही. इथेही पाणी संपू शकतं, हे मला एकदा कळलं होतं.

माझी नोकरीही पाण्याचीच. मी शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग, पुढे जलविज्ञान. आमची कंपनी छोटी आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून आणि डोंगरात बसवलेल्या यंत्रांच्या आकड्यांवरून, डोंगरावर साठलेला बर्फ वितळून खाली किती पाणी येईल याचा अंदाज ती दूरदूरच्या गावांना देते. माझ्याकडे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरातलं एक गाव आलं. नाव लिहीत नाही. गावाला एक लहान तलाव. तलावाच्या वर डोंगर, खाली जर्दाळूच्या बागा. पावसाळा असा नाहीच. हिवाळ्यात बर्फ पडायचा, वसंतात तो वितळायचा आणि त्यावर गाव आणि बागा वर्ष काढायच्या. गावाच्या पाणीखात्यात तीन माणसं आणि त्यांची प्रमुख कॅरोल. पन्नाशीची, मोजकं बोलणारी. ती एकदा म्हणाली होती की तिच्या लहानपणी जूनपर्यंत डोंगर पांढरे असायचे. आता मेमध्येच काळे दिसायला लागतात.

दादांना हे समजावून सांगायला मला दोन वाक्यंही लागली नाहीत.

"म्हणजे डोंगरच टाकी," ते म्हणाले.

"हो."

"आणि पंप?"

"ऊन."

"बिनपगारी!" आणि ते खूप हसले. त्या दिवसापासून दर रविवारी फोनवर माझ्या तब्येतीच्या आधी चौकशी त्या टाकीची. गावाचं नाव त्यांना म्हणता येत नसे, म्हणून "तुझं गाव" म्हणायचे. "तुझ्या गावाला पडला का बर्फ?"

त्या हिवाळ्यात फारसा पडत नव्हता. वर्षागणिक कमीच होत चालला होता आणि हा हिवाळा त्यातही कोरडा. मग २०२१च्या फेब्रुवारीत एक मोठं वादळ आलं आणि डोंगर एकदम पांढरे झाले. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या संगणकावरच्या मॉडेलने वर्षाचा अंदाज काढला. नेहमीपेक्षा कमी, पण काळजी करण्याइतका नाही.

या अंदाजावर काय अवलंबून होतं ते सांगायला हवं. कॅरोलला एप्रिलमध्ये ठरवायचं असे की तलावातलं पाणी बागांना नेहमीसारखं सोडायचं की धरून ठेवायचं. वरून बर्फाचं पाणी येणार असेल तर निर्धास्त सोडता येतं, तलाव पुन्हा भरतो. येणार नसेल आणि तरीही सोडलं, तर सप्टेंबरमध्ये गावाच्या नळाला पाणी नाही. उलट उगाच धरून ठेवलं, तर बागा वाळतात. मधला मार्ग फार अरुंद.

त्याच आठवड्यात दादांना करोना झाला.

तो एप्रिल इथल्या प्रत्येक मराठी घराने कसा काढला ते सांगायला नको. विमानं बंदच होती म्हणा ना. फोन वाजला की आधी नाव बघायचं, मगच उचलायचा. दादांना दवाखान्यात खाट मिळाली नाही, मग घरीच राहिले. सुलभाकाकू दारात डबा ठेवायच्या, दोनदा कडी वाजवायच्या आणि लांब जाऊन उभ्या राहायच्या. दिवसातून तीनदा दादा बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावून त्याचा फोटो पाठवायचे. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. पुन्हा चौऱ्याण्णव. टेबलाच्या माझ्या टोकाला फोनवर हा आकडा आणि लॅपटॉपवर बर्फाचा. ओवीने विचारलं, "ममा, विच वन आर यू स्केअर्ड ऑफ?" मी तिला जवळ घेतलं.

पाचव्या दिवशी दादांचा फोन आला. धाप लागत होती, तरी प्रश्न तोच. "तुझ्या गावाच्या टाकीचं काय?"

"बरी आहे दादा. तुम्ही बोलू नका जास्त."

"मागचा पाऊस कसा होता तिथं? बर्फाच्या आधीचा?"

"नव्हताच जवळजवळ. उन्हाळाही फार कडक गेला."

ते थांबले. श्वास घेतला. "मग काही खरं नाही रोहू. जमीन तापलेली असली का आधी ती पिते. नव्या चारीत आम्ही पंपाचं पाणी सोडायचो, पहिला दिवस सगळी चारीच पिऊन टाकायची. तिचं पोट भरलं का मग वढ्याला पाणी."

हे मला माहीत नव्हतं का? होतं. पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. मॉडेलमध्येही जमिनीच्या ओलीचा हिशोब होता. पण तो हिशोब ज्या वर्षांवरून बसवला होता त्या प्रत्येक वर्षी बर्फाआधी थोडा तरी पाऊस झाला होता. आत्तासारखं वर्ष मॉडेलने पाहिलेलंच नव्हतं. मी डोंगरातल्या ओल मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे काढून बघितले. इतके खाली गेलेले आकडे मी तोवर कधी बघितले नव्हते.

माझा वरिष्ठ डेक्लन. भला माणूस, करोनाकाळात आठवड्यातून एकदा नुसतं 'कशी आहेस' विचारायला फोन करणारा. मी त्याला सगळं सांगितलं.

"रोहिणी, मॉडेल ग्रँड आहे," तो म्हणाला. ग्रँड म्हणजे इथे 'ठीक'. "इतकी वर्षं चुकलेलं नाही. तुझ्याकडे दुसरा आकडा आहे का?"

"नाही."

"मग मी गावाला काय देऊ? आपण आकडे देतो. शेवटच्या पानावर तुझी टीप जोड."

"टीपा कोणी वाचत नाही, डेक्लन."

"मग वाचावीशी वाटेल अशी लिही."

त्याचंही चूक नव्हतं. मी टीप लिहिली, चार ओळींची. अहवाल गेला. दोन दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. दादा त्र्याण्णववर अडकलेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, तिकडे सकाळचे नऊ वाजत असताना, मी कंपनीला न विचारता कॅरोलला फोन लावला. हे करायचं नसतं. माझं कामाचं परमिट कंपनीच्या नावावर होतं आणि निखिल समोरच्या टोकाला बसून माझ्याकडे बघत होता.

कॅरोलने अहवाल वाचला होता. टीप वाचली नव्हती. मी बोलले ते तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"हा तुझा अंदाज आहे की तुझी भीती?" तिने विचारलं.

"मला आत्ता दोन्ही वेगळं करता येत नाहीये," मी खरं ते सांगितलं.

"बागांना या आठवड्यात पाणी मिळालं नाही तर फळ गळणार. गेल्या वर्षीही कमीच दिलंय. यंदा पुन्हा नाही दिलं तर झाडं जातील. त्या लोकांना मी काय सांगू? आयर्लंडमधल्या एका बाईला भीती वाटते म्हणून?"

मी समोरच्या ओलीच्या आकड्यांकडे बघितलं. मग तोंडातून निघून गेलं, "खणून बघा."

"काय?"

"बर्फ जिथे वितळतोय त्याच्या कडेला एक खड्डा खणा. वरून पाणी मुरतंय, तर हातभर खाली ओल असायला हवी. असली तर मी चुकले. तुम्ही पाणी सोडा आणि माझी तक्रार करा."

तिने 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. निखिल म्हणाला, "नोकरी गेली तर?" मी म्हटलं, "मग बघू."

दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला. ती स्वतः फावडं घेऊन वर गेली होती. फोटोत वरच्या बाजूला पांढरा बर्फ, खाली खड्डा. वरची बोटभर माती काळी, ओली. त्याखाली सगळी फिकट, भुरभुरीत धूळ. बर्फातून पाणी निघत होतं आणि ती धूळ ते पिऊन टाकत होती. फोटोखाली तिने एवढंच लिहिलं होतं, "अर्धं सोडते. अर्धं ठेवते."

तो फोटो मी दादांना पाठवला. त्यांनी उलट बोटाच्या यंत्राचा फोटो पाठवला. पंच्याण्णव.

मे महिन्यात टॅलाला पावसाची झड लागली. दिवसेंदिवस थांबेना. ओवी वैतागली, ब्रीडाचे गुलाब कुजायला लागले. आणि मी त्या पावसाच्या आवाजात बसून आठ हजार किलोमीटरवरच्या त्या तलावाला मिळणारा ओढा भरायची वाट बघत होते. तिकडे ऊन तापलं. उपग्रहाच्या चित्रात रोज डोंगरावरचा पांढरा डाग आक्रसत होता. त्या प्रमाणात ओढ्याचं पाणी वाढायला हवं होतं. पण आलेखावरची ओढ्याची रेघ किंचित वर गेली आणि तिथेच झोपली. महिन्याच्या शेवटी बर्फ संपला होता आणि तलाव भरलेला नव्हता. काही जमिनीने पिऊन टाकला, काही वाऱ्याने नेला. आपण खरे ठरलो की माणसाला बरं वाटतं म्हणतात. मी लॅपटॉप मिटला आणि कॅन भरायला उठले.

मी केलेला फोन डेक्लनला कळला होताच, कॅरोलनेच सांगितलं. तो चिडला. कधी आवाज न चढवणारा माणूस, त्या दिवशी चढवला. रीतसर बैठक झाली, कागदावर ताकीद आली. तो कागद मी निखिलला दाखवला, दादांना सांगितला नाही. जूनच्या मध्यावर डेक्लनचा पुन्हा फोन आला. तो म्हणाला, "तू फोन केलास ते चूक होतं. तू जे सांगितलंस ते चूक नव्हतं. मला दोन्ही लक्षात ठेवायचं आहे." मग आम्ही दोघांनी बसून मॉडेलमध्ये त्या कोरड्या वर्षाला जागा केली. ताकिदीचा कागद अजून फाइलमध्ये आहे. असू दे.

गाव तरलं. उन्हाळाभर तिथे दिवसाआड पाणी दिलं, अंगणातलं गवत वाळू दिलं, गाड्या धुतल्या नाहीत. सप्टेंबरमध्येही नळाला पाणी होतं. पण बागांना अर्धंच मिळालं होतं आणि काही बागा गेल्या. ऑगस्टमध्ये कॅरोलने एक फोटो पाठवला. उपटून रांगेत आडवी टाकलेली जर्दाळूची झाडं, मुळं वर. ही बाग तिच्या सख्ख्या भावाची होती.

मी तिला फोन केला. "हे मला एप्रिलमध्ये का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस," ती म्हणाली. "आणि मला तुझं ऐकायचं होतं."

"तुमचा भाऊ?"

"बोलत नाही माझ्याशी."

ती झाडं माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. मी कधी न पाहिलेल्या गावातली, कधी न चाखलेल्या फळांची झाडं, माझ्या एका फोनने गेलेली. फोन केला नसता तर गावाच्या नळाचं पाणी गेलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. त्याने काही हलकं झालं नाही. शेवटी मी दादांना सगळं सांगितलं, ताकिदीच्या कागदासकट. त्यांचा आवाज आता परत जागेवर आला होता, फक्त वाक्याच्या मधे श्वासासाठी थांबत.

"पंपावर असताना मलाही करायला लागायचं," ते म्हणाले. "विहीर तळाला गेली का एकच टाकी भरायची. गाड्यांची, नाहीतर आपण राहायचो त्या रेल्वे कॉलनीची. गाड्यांची भरली का कॉलनीतल्या बाया दारात यायच्या. तुझी आईसुद्धा त्यात असायची."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"काही नाही. ज्याची टाकी राहिली त्याला बोलायचा हक्क असतो. ऐकून घ्यायचं. उलट बोलायचं नाही."

लहानपणी दादा गच्चीवर एकटे का बसायचे, याचं मला तेव्हा कोडं होतं. आई म्हणायची, "त्यांना त्रास देऊ नका, पाणी कमी आहे." मला वाटायचं, पाणी कमी आहे म्हणजे आंघोळीला कमी आहे.

नोव्हेंबरमध्ये रस्ते मोकळे झाले आणि मी ओवीला घेऊन मनमाडला गेले. दादा अर्धे झाले होते. जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबायचे आणि काहीतरी बघत असल्यासारखं करायचे. सुलभाकाकूंचे केस या जवळजवळ दोन वर्षांत पूर्ण पांढरे झाले होते. गल्लीतल्या तीन घरांतली माणसं गेली होती. त्या घरांसमोरून जाताना कोणाशी काय बोलायचं ते मला कळत नव्हतं. आम्ही सुटलो असं मानणारेही तिथे भेटले. एक जण म्हणाला, "तुमच्याकडे काय बाबा, पाऊसच पाऊस, आभाळच फाटलेलं." मी हो म्हटलं. त्याला धूळ भरलेल्या खड्ड्याचा फोटो कुठे दाखवत बसू?

पूर्वी वाटायचं, जिथे काळजी संपते ते घर. तशी जागा शोधायलाच मी निघाले होते बहुतेक. आता एवढंच म्हणेन की जिथल्या पाण्याचा आकडा बघितल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही, ते आपलं घर. अशी मला आज तीन घरं आहेत. त्यातलं एक मी पाहिलेलंही नाही आणि तिथला एक माणूस मला न ओळखता माझ्यावर रागावलेला आहे. म्हणूनही ते माझं असावं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी दादांना म्हटलं, "आता तुम्ही चला माझ्याबरोबर. इथे एकटे राहू नका."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "तिथं चोवीस तास पाणी. मी तिथं काय करू? बसून खाऊ नुसता?"

"दवाखाना जवळ आहे. ओवी आहे."

"इथं सुलभावहिनींची पण टाकी मीच बघतो. नाही गं."

मी आणखी काही काही सांगितलं. हवा चांगली आहे, डोंगर आहेत, वेगळी खोली आहे. ते ऐकत होते आणि ठाम होते. मग मी थकले आणि जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते बोलून गेले. "दादा, मला भीती वाटते. हिवाळा सुरू झाला की सकाळी उठून आधी त्या डोंगरावरचे आकडे बघते. निखिल उठायच्या आधी. यंदा पुन्हा बर्फ कमी पडला तर पुन्हा मलाच सांगायला लागणार. पुन्हा कोणाची तरी झाडं."

बाहेर ओवी काकूंच्या नातीशी काहीतरी खेळत होती, तिचा आवाज येत होता.

"एकटीच बघतेस?" त्यांनी विचारलं.

"हो."

दादा उठले. कपाटाशी जाऊन वरच्या कप्प्यातली आपल्या कागदांची पिशवी काढली, चष्मा लावला आणि आधार कार्ड हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"पासपोर्टला किती दिवस लागतात?" त्यांनी विचारलं.